घाटात गाडी एकाच वेगाने चढते, म्हणजे बल शून्य. मग मागे बँकर कशाला?

पळसदरी_पाऊस (धागाकर्ता)

भाचा यंदा नववीत आहे. विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा 'गतीचे नियम', त्यामुळे संतुलित बल, असंतुलित बल, बल = वस्तुमान × त्वरण, सगळं तोंडपाठ. आम्ही पुण्याला निघालो होतो. कर्जतला मागून बँकर इंजिनं (घाट चढताना गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं) लागली, नेहमीसारखा धक्का बसला आणि त्याने प्रश्न टाकला.

"मामा, घाटात गाडी साधारण एकाच वेगाने चढते ना?" हो. "म्हणजे त्वरण शून्य?" हो. "म्हणजे बल शून्य?" म्हटलं, निव्वळ बल शून्य. त्यावर म्हणतो, "शून्यच हवं असेल तर इंजिनं लावायचीच कशाला? सगळी काढून टाका, शून्य फुकटात मिळेल."

उत्तर पुस्तकात आहे हे मलाही दिसतंय. पण घाटाचे खरे आकडे घालून कुणी मांडून दाखवेल का? इथे रेल्वेतली मंडळी आहेत, शिक्षक आहेत. डेक्कन क्वीनच्या आठवणी कृपया दुसऱ्या धाग्यावर काढाव्यात.

---

एका_ओळीत

गाडीवरच्या सगळ्या बलांची बेरीज शून्य. एकेक बल शून्य नाही. विषय संपला.

---

पळसदरी_पाऊस

@एका_ओळीत, हेच मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग ती एकेक बलं दाखवा." आता दाखवा.

---

सँडबॉक्स

मी दाखवतो. रेल्वेत आयुष्य गेलं, त्यातला बराच काळ घाटाच्या पायथ्याशी.

भोर घाटात (कर्जत ते लोणावळा) आणि थळ घाटात (कसारा ते इगतपुरी) कमाल चढ ३७ स १ आहे. रुळावर ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. कोन म्हणाल तर जेमतेम दीड अंश. रस्त्यावरच्या गाडीला हा चढ जाणवणारसुद्धा नाही. रेल्वेला मात्र हा भयंकर चढ.

हिशेब सोपा राहावा म्हणून डब्यांचं वजन १००० टन धरू. साधारण १८ डबे. पुढे एक इंजिन, मागे दोन बँकर. सहा एक्सलचं विजेचं इंजिन १२३ टनांच्या आसपास असतं. सगळं मिळून १३६९ टन.

उताराच्या दिशेने गाडीला मागे खेचणारं गुरुत्वाचं बल म्हणजे एकूण वजनाचा ३७ वा हिस्सा, ३७ टन. चाकं, बेअरिंग, वळणं, हवा यांचा विरोध कमी वेगाला दर टनामागे ४ किलो धरा, तो साडेपाच टन. दोन्ही मिळून मागे खेचणारं बल साडेबेचाळीस टन. तिन्ही इंजिनांनी मिळून बरोबर साडेबेचाळीस टन लावलं की बेरीज शून्य आणि वेग कायम.

हीच गाडी पळसदरीच्या अलीकडे सपाटीवर असती तर त्याच वेगासाठी साडेपाच टन पुरले असते. बेरीज तिथेही शून्यच. दोन्ही ठिकाणी शून्य, पण एकीकडे साडेपाच वजा साडेपाच आणि दुसरीकडे साडेबेचाळीस वजा साडेबेचाळीस. इंजिनाला फरक पडतो तो इथे.

आता भाच्याचा सल्ला मानून इंजिनं बंद करू. (काढून टाकायला घाटात जागा नाही, म्हणून बंद.) पुढचं बल गेलं, मागचं साडेबेचाळीस तसंच राहिलं. म्हणजे निव्वळ बल शून्य नाहीच, साडेबेचाळीस टन आहे, उलट्या दिशेने. त्वरण येतं वजा ०.३ मीटर प्रति सेकंद वर्ग. गाडी ताशी ३० किमीने चढत असेल तर अर्ध्या मिनिटाच्या आत, शंभर-सव्वाशे मीटरवर थांबेल. आणि ब्रेक नाही लावले तर मागे यायला लागेल.

त्याला फुकटात शून्य मिळणार नाही असं सांगा.

---

सुतासारखा_सरळ

मांडणी छान, पण टन हे वस्तुमान आहे. बल न्यूटनमध्ये सांगा, नाहीतर पोरगं परीक्षेत "बल = ४२.५ टन" लिहून येईल.

---

सँडबॉक्स

खरं आहे. वर जिथे बलासाठी टन लिहिलंय तिथे "तेवढ्या वस्तुमानाचं वजन" असं वाचा. १ टन वस्तुमानाचं वजन ९.८ किलोन्यूटन, म्हणजे साडेबेचाळीस टन ते सुमारे ४१६ किलोन्यूटन. परीक्षेत न्यूटन. लोको शेडमध्ये मात्र मी कुणाला न्यूटन म्हणताना ऐकलं नाही, तिथे टनच चालतात आणि इथेही पुढे मी टनच लिहिणार.

---

नंदा_म

गणित कळलं. पण मग ही इंजिनं मागे का लावतात? पुढे तीन जोडली तरी बेरीज तीच येईल ना?

---

सँडबॉक्स

ताई, गाडीवरची बेरीज तीच येते, पण डब्याडब्यांमधल्या कपलिंगवरचा ताण बदलतो.

तिन्ही इंजिनं पुढे असली तर पहिल्या डब्याच्या कपलिंगला सगळ्या १००० टनांचा भार ओढावा लागतो, चढ आणि विरोध धरून ३१ टन. आता एक पुढे, दोन मागे घ्या. प्रत्येक इंजिन १४ टन लावतंय, त्यातले पावणेचार-चार टन स्वतःला वर नेण्यातच जातात. उरलेले दहा-सव्वादहा टन डब्यांना मिळतात. म्हणजे पहिल्या कपलिंगवर ३१ ऐवजी १० टनांचा ताण. तिथून मागे जाल तसा तो कमी होत जातो, आणि पुढून एक तृतीयांश अंतरावर, सहाव्या-सातव्या डब्याच्या मध्ये, शून्य होतो. तिथे कपलिंग ना ताणलेलं ना दाबलेलं. त्याच्या मागचे बारा डबे ओढले जात नाहीत, ढकलले जातात.

प्रत्यक्षात पुढचं इंजिन आणि बँकर सारखा जोर लावत नाहीत, त्यामुळे ही शून्याची जागा पुढेमागे सरकत राहते. घाटात मधूनच डब्यांमधून "खडक खडक" आवाज येतो, त्यात हिचा मोठा हात असतो.

दुसरं कारण सुरक्षेचं. घाटात मधलं कपलिंग तुटलं तर मागे इंजिन असलेलं बरं.

---

कोरी_पाटी

माझी शंका तिसऱ्या नियमाची आहे. शाळेपासून कुणी नीट सांगितलेलं नाही. इंजिन डब्यांना जेवढं ओढतं तेवढंच डबे इंजिनाला मागे ओढतात. मग दोन्ही एकमेकांना रद्द करतील. गाडी हलतेच कशी?

---

प्रयोगवही

मी शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी निदान एक मूल हे विचारतंच, आणि ज्या वर्षी कुणी विचारत नाही त्या वर्षी मला काळजी वाटते.

कागदावर इंजिन काढा आणि फक्त इंजिनाभोवती रेघ ओढा. आता त्या रेघेच्या आतल्या वस्तूवर बाहेरून कोण बल लावतंय तेवढंच लिहायचं. सँडबॉक्स काकांचेच आकडे घेऊ. डबे मागे ओढतात, सव्वादहा टन. इंजिनाचं स्वतःचं वजन उताराकडे खेचतं, ३.३ टन. चाकांचा वगैरे विरोध अर्धा टन. एकूण चौदा. पुढच्या दिशेला कोण? रूळ. रूळ घर्षणाने इंजिनाला पुढे ढकलतो, चौदा टन.

इंजिन डब्यांना ओढतं ते बल या कागदावर येतच नाही, कारण ते डब्यांवर आहे. त्याची जागा डब्यांच्या कागदावर. क्रिया आणि प्रतिक्रिया नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असतात, म्हणून त्या एकमेकींना रद्द करू शकत नाहीत. रद्द होतात ती एकाच वस्तूवरची बलं.

आणि गाडीला पुढे नेणारं बाहेरचं बल कुणाचं? इंजिनाचं नाही, रुळाचं! मोटर चाक फिरवते, चाक रुळाला मागे ढकलतं, रूळ चाकाला पुढे ढकलतो. रूळ मागे का जात नाही? कारण तो स्लीपरला, स्लीपर खडीला आणि खडी डोंगराला धरून आहे. मुलांना मी सांगते की तुमची गाडी सह्याद्री ढकलतो.

---

सँडबॉक्स

रूळ अगदीच जागचा हलत नाही असं नाही हो बाई. चढावरचे रूळ हळूहळू उताराच्या बाजूला सरकू पाहतात. त्यासाठी त्यांना पकडी लावलेल्या असतात. बाकी १०० टक्के मान्य.

---

चाकोरीबाहेर

घर्षणाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. लोखंडावर लोखंड, तेही गुळगुळीत. एवढी पकड येते कुठून? आणि मुसळधार पावसात?

---

प्रयोगवही

घर्षणाची कमाल मर्यादा = घर्षणांक × वजन. कोरड्या रुळावर घर्षणांक ०.३ च्या आसपास धरतात, ओल्या रुळावर ०.२ किंवा त्याहूनही कमी. कोरड्यात १२३ टनांच्या इंजिनाला जास्तीत जास्त ३७ टन पकड मिळेल, ओल्यात २५. मोटर कितीही ताकदीची असू दे, याच्यापुढे गेलात की चाक जागच्या जागी गरगरतं.

फिरतं चाक रुळाला टेकतं त्या बिंदूपाशी ते क्षणभर स्थिर असतं, म्हणून इथे स्थितिक घर्षण चालतं. चाक घसरायला लागलं की गतिक घर्षण सुरू होतं, आणि ते कमी असतं. म्हणजे ज्या क्षणी पकड हवी असते नेमकी त्याच क्षणी ती घटते.

आता बँकरचं खरं कारण दिसेल. एकटं पुढचं इंजिन लावलं तर गाडी ११२३ टनांची, तिला वर न्यायला ३५ टन बल लागेल आणि पकडीची मर्यादा ३७. म्हणजे कोरड्यात कशीबशी चढेल, पावसात नाहीच. तीन इंजिनं लावली की प्रत्येकाला १४ टनच लावायचे आहेत. घर्षणांक ०.१२ असला तरी भागतं. बँकर लावतात ते ताकदीसाठी, हे अर्धंच खरं. त्यांच्या चाकांवरचं वजनही तेवढंच कामाचं असतं.

---

चाकोरीबाहेर

मग १००० टनांचे डबे असून त्यांच्या वजनाचा पकडीला काहीच उपयोग नाही?

---

प्रयोगवही

नाही. त्यांच्या चाकांना मोटर नाही. ते वजन फक्त खाली खेचायच्या कामाचं.

---

सँडबॉक्स

म्हणून तर इंजिनात वाळू भरलेली असते. (माझं टोपणनाव कुणी विचारलं नाही, तरी सांगून टाकतो.) चाक घसरायला लागलं की चाकापुढे रुळावर वाळू सोडायची. जुन्या विजेच्या इंजिनांपैकी जे लांब नाकाचं होतं, ज्याला आमच्याकडे 'खेकडा' म्हणायचे, त्याच्या वेळेपासून आणि त्याआधी वाफेच्या इंजिनांपासून हाच उपाय. आता इंजिनातले संगणक चाक घसरल्याचं आधी ओळखतात, पण वाळू काही गेली नाही.

---

दख्खनची_राणीप्रेमी

खेकड्याचं नाव निघालं म्हणून फक्त एवढंच सांगतो की डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली ती

---

पळसदरी_पाऊस

दुसरा धागा! दुसरा धागा!

---

गगनबावडा

३७ स १ हाच चढ का घेतला? त्याहून सौम्य घेतला असता तर हे सगळं वाचलं असतं.

---

सँडबॉक्स

सौम्य घेतला असता तर लांबी वाढली असती. कर्जत ते लोणावळा २८ किमी आणि चढायचं साडेपाचशे मीटरच्या वर. काम १८५६ ला सुरू झालं आणि १८६३ ला घाट खुला झाला, त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना झेपेल आणि डोंगरात बसेल असा तो मध्य होता. तरी खंडाळ्याच्या बाजूला कड्यापाशी जागा पुरली नाही, म्हणून उलटं स्थानक बांधलं. गाडी तिथे जायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढे निघायची. ते १९२९ मध्ये नवीन बोगद्यांनी बंद केलं.

---

खिडकीची_सीट

आता माझी भर, आणि ही मला खरंच छळतेय.

फोनमध्ये त्वरण मोजायचं ॲप आहे. कर्जतच्या फलाटावर फोन टेबलावर गाडीच्या दिशेला समांतर ठेवला, आकडा शून्यावर आणला. घाटात गाडी चढायला लागली, वेग स्थिर (जीपीएसवर बघत होतो), आणि ॲप म्हणतंय पुढच्या दिशेने ०.२६ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या आसपास त्वरण! ते थोडं हलत होतं, पण शून्यावर येत नव्हतं. सँडबॉक्स काका म्हणतात त्वरण शून्य. कुणावर विश्वास ठेवू, काकांवर की फोनवर?

---

एका_ओळीत

काकांवर.

---

प्रयोगवही

काकांवरच, पण फोनही खोटं बोलत नाहीये.

फोनमध्ये त्वरण थेट मोजणारं काही नसतं. आत एक अतिसूक्ष्म वस्तुमान लवचीक आधारांवर बसवलेलं असतं, आणि ते आधार किती वाकले हे फोन मोजतो. म्हणजे आधाराला त्या वस्तुमानावर किती बल लावावं लागतंय तेवढंच त्याला कळतं.

फोन घरी टेबलावर पडलेला असताना हे ॲप उघडा. उभ्या दिशेला ९.८ दाखवेल. फोन तर कुठे निघालेला नाही! गुरुत्व त्या वस्तुमानाला खाली खेचतं, आधार त्याला वर ढकलून धरतो, फोनला फक्त आधाराचं ढकलणं दिसतं. उलट फोन हातातून सुटून पडत असेल तर पडेपर्यंत तो जवळजवळ शून्य दाखवेल, जेव्हा त्याला खरंखुरं ९.८ त्वरण असतं. (उशीवर करा.)

घाटात डबा दीड अंशाने कलला. ९.८ भागिले ३७ करा, येतं ०.२६५. उतारावरून मागे घसरू नये म्हणून त्या वस्तुमानाला आधार तेवढा पुढे ढकलतोय. तुम्ही घाटाचा चढ मोजलात, आणि फार चांगला मोजलात.

---

खिडकीची_सीट

म्हणजे खिडक्या बंद असतील आणि गाडी सपाटीवर ०.२६५ ने वेग वाढवत असेल, तर फोनला ते आणि घाट यांतला फरक कळणारच नाही?

---

प्रयोगवही

नाही कळणार. तुम्हालाही नाही. बाटलीतलं पाणी दोन्ही वेळा डब्याच्या फरशीशी सारखंच तिरकं दिसेल. १९०७ मध्ये आइनस्टाइनने या "कळणार नाही" पासूनच गुरुत्वाचा वेगळा विचार सुरू केला, पण तो नववीचा विषय नाही. फरक कळायला बाहेरचं काहीतरी लागतं, तुमचं जीपीएस किंवा खिडकी.

---

गगनबावडा

उतरताना काय? लोणावळ्याहून कर्जतला येताना मालगाडी जड म्हणून जास्त वेगाने सुटेल ना?

---

सँडबॉक्स

ब्रेक नसतील तर जड गाडी आणि हलकी गाडी जवळपास सारख्याच सुटतील. खेचणारं बल वस्तुमानाच्या पटीत वाढतं आणि वेग वाढवायला लागणारं बलही त्याच पटीत वाढतं, म्हणून त्वरणात वस्तुमान उरत नाही. विरोध वजा करून ०.२२ च्या जरा वर येतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण थांबलेली गाडी ब्रेकशिवाय सुटली तर दीड मिनिटात एक किलोमीटर खाली आलेली असते आणि वेग ताशी ७५ किमी झालेला असतो.

जड गाडीचा फरक पडतो तो थांबवताना. दुप्पट वस्तुमानाला त्याच त्वरणाने आवरायला दुप्पट ब्रेक लागतो.

म्हणून घाटात मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी या ठिकाणी उतरणाऱ्या गाड्या थांबवतात. प्रवासी चिडतात, इथे स्टेशन नाही, गाव नाही, थांबवली कशाला? तिथे कॅच सायडिंग आहे, वर चढत जाणारा आणि पुढे संपणारा रूळ. सांधा (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा जोड) आधीपासून त्या बाजूलाच लावलेला असतो. गाडी थांबून आपण ताब्यात आहोत हे दाखवते, मगच तिला खालचा मार्ग मिळतो. जी थांबू शकत नाही ती आपोआप चढावर जाते, आणि जे गुरुत्व तिला पळवत होतं तेच तिला आवरतं.

---

नंदा_म

वंदे भारतला बँकर लागत नाही असं वाचलं होतं. तिला हे नियम लागू नाहीत वाटतं!

---

चाकोरीबाहेर

हे मी सांगतो, आता जमेल. वंदे भारतला वेगळं इंजिन नाही, मोटरी डब्यांखालीच आहेत आणि निम्म्या एक्सलना आहेत. म्हणजे गाडीचं निम्मं वजन पकडीला कामाचं! घाटात लागणारं बल दर टनामागे ३१ किलो (२७ चढाचे, ४ विरोधाचे). निम्म्या वजनावर भागायचं तर घर्षणांक ०.०६२ पुरतो. एकट्या इंजिनाच्या गाडीला ०.२८ च्या वर लागत होता. पाऊस असो नाहीतर काही असो, पकड पुरेल. बरोबर का, बाई?

---

प्रयोगवही

पैकीच्या पैकी.

---

सँडबॉक्स

१० फेब्रुवारी २०२३ ला मुंबईहून सोलापूर आणि शिर्डीच्या दोन वंदे भारत सुरू झाल्या. एक भोर घाटातून, दुसरी थळ घाटातून, दोन्ही बँकरशिवाय. त्याआधी २०१९ मध्ये सुरू झालेल्या मध्य रेल्वेच्या राजधानीला पुढे-मागे दोन इंजिनं लावून कसाऱ्याचा बँकरचा थांबा वाचवला होता. तिथे नियम तेच, फक्त बँकर कायमचा सोबत घेतलेला.

---

पळसदरी_पाऊस

भाच्याला सगळं वाचायला दिलं. 'सह्याद्री ढकलतो' हे त्याला सगळ्यात आवडलं. आता पुढचा प्रश्न: सिग्नल लागून गाडी घाटातच थांबली तर पुन्हा सुटते कशी? तेव्हा तर बेरीज शून्य ठेवून चालणार नाही.

---

सँडबॉक्स

चालणार नाहीच. थांबलेल्या गाडीला वेग द्यायचा म्हणजे निव्वळ बल पुढच्या दिशेला हवं. अगदी सावकाश, ०.०५ त्वरणाने सुटायचं म्हटलं तरी १३६९ टनांना ६८ किलोन्यूटन, म्हणजे सात टन जास्तीचे लागतात. साडेबेचाळीस अधिक सात, साडेएकोणपन्नास. तीन इंजिनांत वाटले की प्रत्येकी साडेसोळा टन, घर्षणांक ०.१३४. पावसात हे वाळू टाकून जमतं.

कौशल्य लागतं ते वेळ साधण्यात. पुढच्याने ओढायला सुरुवात केली आणि मागचे झोपले असतील तर सगळा भार पुढच्या कपलिंगवर येतो. मागच्यांनी घाई केली तर डबे एकमेकांवर दाबले जातात. म्हणून पुढचा आणि मागचा लोको पायलट आधी वॉकीटॉकीवर बोलतात, मग दोन्हीकडून जोर हळूहळू वाढवत नेतात आणि ब्रेक सुटता सुटता गाडी हलते. वॉकीटॉकी नव्हते तेव्हा हे सगळं शिट्टीच्या खुणांवर चालायचं.